आबांना काही कमी नव्हते

"आबांना काही कमी नव्हते."

पहिल्या पेपरात हे वाक्य होतं. दुसऱ्यात हेच. तिसऱ्यातही हेच, फक्त शाई निळीऐवजी काळी. मी वैतागून गठ्ठा उलटा केला आणि शेवटून तपासायला घेतला. तिकडूनही आबांना काही कमी नव्हतं.

उतारा मीच लिहिला होता. एका म्हाताऱ्या आबांचा एकुलता एक मुलगा नोकरीसाठी सुरतेला निघतो. स्टँडवर आबा त्याला म्हणतात, "जा निवांत. मला इथे काही कमी नाही." गाडी सुटते. धूळ खाली बसेपर्यंत आबा रस्त्याकडे पाहत उभे राहतात. घरी येतात आणि सवयीने दोघांचा चहा ठेवतात. खाली प्रश्न होता: 'मुलाच्या जाण्याने आबांना काय वाटले? उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहा.'

'मला'चं 'आबांना' करायचं आणि 'नाही'चं 'नव्हते' करायचं, एवढं सगळ्यांना जमलं होतं. म्हणजे व्याकरण ठीक होतं. आबा मात्र कोणाच्याच हाताला लागले नव्हते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी शहरातली, देवपूरची, पण नोकरी भडगाव तालुक्यातल्या एका गावात, गिरणेच्या काठी. हायस्कूलमध्ये मराठी शिकवायची. जूनमध्ये दहावीचा निकाल लागला की नापास मुलांची ऑक्टोबर बॅच सुरू व्हायची. बॅच म्हणजे शाळा भरण्याआधी घेतलेला जादा वर्ग. तो घ्यायला कोणी राजी नसे. नापास मुलं आणि वर सकाळची वेळ, दोन्ही नकोसं. मी मात्र हट्टाने घ्यायची. आपल्याच गावात, आपल्याच राज्याच्या भाषेत पोरं नापास होतात, याचा मला संताप यायचा. गणितात नापास झालेल्याला लोक बिचारा म्हणतात. मराठीत नापास झालेल्याला हसतात.

त्या वर्षी बॅचमध्ये मंगला होती. ती मुलगी नव्हती, बाई होती. मुलं तिला मंगलाअक्का म्हणायची. ती शेवटच्या बाकावर पदर खोचून बसायची आणि सगळ्यांच्या आधी यायची. तिचे यजमान तालुक्याच्या बस डेपोत ड्रायव्हर होते. आजारपणात गेले. डेपोच्या साहेबांनी तिला सांगितलं, दहावी असाल तर क्लार्कची जागा देतो, नाहीतर झाडलोटीची आहे. लग्नाआधी नववीत शाळा सुटलेली. तिने सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसली. गणित निघालं. इंग्रजीसुद्धा उत्तरं पाठ करून निघालं. मराठी राहिलं.

"साहेब ऑक्टोबरच्या निकालापर्यंत थांबणार आहेत, बाई," तिने पहिल्याच दिवशी मला सांगितलं. "मला झाडूची लाज नाही. पण ह्यांच्याच गाडीतला कचरा मी काढायचा आणि ह्यांच्याच सोबत्यांनी तो बघायचा, ते मला व्हायचं नाही."

मी तिला म्हटलं, "मराठी मी काढून देते तुझं." म्हटलं खरं, आणि आता तिच्याही पेपरात आबांना काही कमी नव्हतं.

थोडं धंद्यातलं सांगते. मराठीच्या पेपरात 'अपठित उतारा' असतो. म्हणजे पुस्तकात नसलेला, मुलांनी आधी कधी न वाचलेला मजकूर. तो वाचायचा आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. पाठांतर इथे चालत नाही. म्हणून मुलांनी एक तोडगा काढला होता. मी विचारल्यावर त्यांनी तो मोकळेपणाने सांगितलाही. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, आणि सापडला की त्याच्या शेजारचं वाक्य उतरवायचं. उतारा वाचायची गरजच नाही. हे त्यांना थोरल्या भावंडांनी शिकवलेलं, थोरल्यांना त्यांच्या थोरल्यांनी.

अलंकारांचंही तेच. अलंकार म्हणजे साधं बोलणं सजवायच्या, त्याला जोर आणायच्या तऱ्हा. 'सारखा' दिसला की उपमा. 'जणू' दिसला की उत्प्रेक्षा. मी फळ्यावर लिहिलं, 'नदी यंदा रुसली आणि वाळू मागे ठेवून माहेरी गेली.' सगळ्या वर्गाने एकमुखाने सांगितलं, यात अलंकार नाही.

"का नाही?"

"जणू नाही, बाई."

नदी माणसासारखी रुसते, माहेरी जाते, म्हणून ती चेतनगुणोक्ती, असं मी समजावलं. मुलांनी ते लगेच उतरवून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की आता त्यांना 'रुसली' हा शब्द शोधायचा आहे.

आबांचे पेपर तपासून झाल्यावर मी वर्गात ते जोराने टेबलावर टाकले. मुलाच्या जाण्याने बापाला काय वाटतं, एवढंही कळत नाही का, असं विचारलं. कोणी वर बघेना. तास संपला.

मी बाहेर आले. पाण्याच्या टाकीपाशी मंगला आणि दोन मुली डबे धूत होत्या. मी भिंतीच्या या बाजूला होते. एक मुलगी म्हणाली, "आबाले वाईट वाटनं ना, अक्का? पन त्यानी दखाडं नही."

मंगला म्हणाली, "मंग काय! धूय बसस तवलग उभा ऱ्हायना तो. काय हासत व्हता का? अन् दोन कप चहा कोनासाठे?"

आबांना वाईट वाटलं पण त्यांनी ते दाखवलं नाही. धूळ बसेपर्यंत ते उभे राहिले, ते काय हसत होते का, आणि दोन कप चहा कोणासाठी? पूर्ण मार्कांचं उत्तर होतं ते. मी टाकीला वळसा घालून पुढे आले. मुली दचकल्या, कारण शाळेच्या आवारात अहिराणी बोलायला बंदी होती. बोलताना सापडलेल्याला मैदान झाडावं लागे. झाडू ऑफिसच्या कोपऱ्यात त्यासाठीच ठेवलेला असायचा.

"हे पेपरात का नाही लिहिलं?" मी मंगलाला विचारलं.

ती गोंधळली. "ते आपलं घरनं बोलनं शे, बाई. पेपरमा थोडंच लिखतस?"

मग तिने सावकाश सांगितलं. चौथीत असताना तिने एका उत्तरात घरचा शब्द लिहिला होता. गुरुजींनी तिला पुढे उभं करून ते उत्तर मोठ्याने वाचायला लावलं. वर्ग हसला. तेव्हापासून तिने मनातलं काही कागदावर उतरवलं नव्हतं. छापलेलं उतरवलं की कोणी हसत नाही. बाकीच्या दोघी मान डोलवत होत्या. त्यांच्याकडे त्यांचे त्यांचे गुरुजी होते.

इतकी वर्षं मी समजत होते की या मुलांना वाचलेलं कळत नाही. त्यांना सगळं कळत होतं. 'स्वतःच्या शब्दांत' लिहायला सांगितलं की ती घाबरत होती, कारण स्वतःच्या शब्दांपायी मैदान झाडावं लागतं, हेच आम्ही त्यांना शिकवलं होतं. मला इतका राग आला की त्या दिवशी मी घरी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर तीन पायऱ्या लिहिल्या. बोला. शाळेच्या भाषेत सांगा. मग लिहा. उतारा वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि काय कळलं ते आधी घरच्या बोलीत सांगायचं. माझ्याशी नाही, शेजाऱ्याशी. मग तेच शाळेच्या मराठीत. मग कागदावर.

पहिले दोन दिवस कोणी तोंड उघडेना. सगळ्यांचं लक्ष ऑफिसच्या दिशेने. शेवटी मीच सुरुवात केली. माझी आई खेड्यातली, त्यामुळे बोली मला येत होती, पण शाळेत मी ती कधी काढली नव्हती. मी अहिराणीत एक वाक्य बोलले तसा वर्ग हसला. मीही हसले. त्यानंतर त्यांना थांबवणं अवघड झालं.

अलंकार तर पोरं माझ्या पुढे नेऊ लागली. व्याजस्तुती नावाचा एक अलंकार आहे. वरून स्तुती, आतून चिमटा. परीक्षेत तो क्वचित यायचा, पण मला आवडायचा म्हणून मी शिकवायची. उदाहरण विचारल्यावर एक मुलगा उठला आणि आपल्या आजीचं बोलणं सांगितलं. सून पातळ चहा करते तेव्हा आजी म्हणते, "चहा मस्त शे माय, तयले दखास." चहा छान आहे, तळ दिसतो. दुसऱ्याने वरच्या गावाहून येणाऱ्या सकाळच्या गाडीचं उदाहरण दिलं. ती गाडी येईल तेव्हा येई, आणि त्या गावची मुलं रोज अर्धा तास बुडवून वर्गात शिरत. कित्येकदा चालतच येत. तो म्हणाला, "आमनी गाडी भलती गुणी. कोनाले घाई करत नही." मी फळ्यावर व्याजस्तुती लिहून खाली रेघ मारली. यात शोधायला कोणताही ठरलेला शब्द नव्हता. ऐकणाऱ्याने माणूस ओळखायचा असतो, एवढंच.

हसण्याचा आवाज ऑफिसात गेला. मुख्याध्यापक बोरसे सर दारात येऊन उभे राहिले. कडक माणूस. शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. त्यांनी मला बाहेर बोलावलं.

"सोनवणे बाई, हे काय चाललंय?"

"उताऱ्याचा सराव, सर."

"तुम्ही मुलांची भाषा बिघडवताय."

"सर, ती बिघडलेलीच आहेत. म्हणून तर ऑक्टोबरला बसलीत."

त्यांना विनोद आवडला नाही. ते म्हणाले, "गाइडमधली तयार उत्तरं पाठ करून घ्या. सगळ्या शाळा तेच करतात."

"न वाचलेल्या उताऱ्याची तयार उत्तरं कुठल्या गाइडमध्ये मिळतात?"

त्यांनी एकदा वर्गात डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "ठीक आहे. सोमवारी उतारा मी देतो. तुमच्या पायऱ्यांचा उपयोग दिसला तर चालू ठेवा. नाहीतर पाठांतर, आणि तेही मी सांगतो तसं."

मी हो म्हटलं. मंगलाला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. माझ्या हट्टात तिची जागा पणाला लागली आहे, हे तिला कळत होतं आणि मलाही.

सोमवारी सरांनी स्वतः लिहिलेला उतारा दिला. उतारा चांगला होता, हे मला कबूल करायला हवं. गावात नळ येतो. लोक पेढे वाटतात. ज्या विहिरीवर गाव वाढलं तिच्याकडे मात्र कोणी फिरकत नाही. तिचा रहाट वाऱ्यावर एकटाच कुरकुरत असतो. प्रश्न होता: लेखकाला विहिरीविषयी काय वाटते?

तपासायलाही सरच बसले. बऱ्याच मुलांनी खरोखर स्वतःचं काहीतरी लिहिलं होतं. मोडकंतोडकं, पण स्वतःचं. काहींनी सवयीने 'गावाने पेढे वाटले' उतरवलं होतं. सर काही न बोलता मार्क देत होते. मग त्यांनी एक पेपर माझ्यासमोर धरला. मंगलाचा.

तिने अख्खं उत्तर अहिराणीत लिहिलं होतं. 'गरज व्हती तवलग हीर गोड. आते तिले कोनी इचारत नही. लिखनाराले त्यानं वाईट वाटस.' वेळ संपत आली तेव्हा घाबरून तिने पहिली पायरीच कागदावर टाकली होती.

"हे तुमच्या पद्धतीचं फळ," सर म्हणाले.

"उत्तर बरोबर आहे की चूक, तेवढं सांगा."

त्यांनी पुन्हा वाचलं. "बरोबर आहे."

"मग?"

"मग काय? उत्तर बरोबर आहे आणि मार्क शून्य आहेत. बोर्डाचा तपासणारा पुण्याकडचा निघाला तर तो 'तवलग' म्हणजे काय ते शोधत बसेल?"

ते म्हणत होते त्यात खोट नव्हती, म्हणून मला जास्तच चीड आली. मी म्हटलं, "पण ती लिहायला लागली, सर. चौथीनंतर पहिल्यांदा तिने मनातलं लिहिलं. आता तुम्ही तिच्या हातात झाडू दिलात तर ती पुन्हा कधी लिहिणार नाही."

सरांनी पेनला टोपण लावलं. ते खिडकीबाहेर मैदानाकडे बघत होते.

"मी साक्रीकडचा," ते म्हणाले. "बी.एड.ला पुण्याला होतो. पहिल्याच पाठाला माझ्या तोंडून 'बठ्ठ्यांनी वह्या काढा' असं गेलं. सगळ्यांनी असं म्हणायला हवं होतं. वर्ष संपेपर्यंत होस्टेलात मला बठ्ठा म्हणूनच हाक मारायचे. आपल्या पोरांवर ती वेळ येऊ नये म्हणून तो झाडू ठेवलाय, बाई. मला हौस नाही."

एवढ्या वर्षांत त्यांनी मला स्वतःविषयी सांगितलेली ही पहिलीच गोष्ट होती. मला त्यांच्याविषयी एकदम माया वाटली, पण मी हटले नाही.

"आपल्या पोरांना कोणी बठ्ठा म्हणत नाही, सर," मी म्हटलं. "कारण ती काहीच बोलत नाहीत."

ते उठून गेले. पाठांतर की पायऱ्या, हे काही ठरलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू झाला आणि सर आत आले. मुलांनी तोंडं मिटली. सर शेवटच्या बाकावर, मंगलाच्या शेजारच्या रांगेत बसले. मी उतारा वाचला. कोणी बोलेना. तेव्हा सरांनी मंगलाकडे वळून विचारलं, "तुले काय वाटस, अक्का?"

मुलं वळून बघायला लागली. मंगलाने घाबरत घाबरत सांगितलं. सर फळ्यापाशी आले. "आता हेच शाळेत कसं बोलाल? 'तवलग'ला काय म्हणतात?"

"तोपर्यंत," कोणीतरी म्हणालं.

"लिहा."

त्या दिवसापासून पहिली पायरी माझी आणि दुसरी त्यांची. त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मुलाचं बोलणं ते मराठीत आणत, पण त्यातला मुलगा हरवू देत नसत. आयुष्यभर त्यांनी मनातल्या मनात हेच काम केलं होतं. झाडूचा नियम त्यांनी मागे मात्र घेतला नाही. आमच्या वर्गाच्या वेळी तो नियम झोपलेला असायचा, एवढंच. ही चेतनगुणोक्ती, हे पोरांनीच मला सांगितलं.

मंगला हट्टाला पेटली होती. घरी भाकरी थापताना ती मुलीकडून बालभारतीतला धडा वाचून घ्यायची, आणि काय कळलं ते तिला दोन्ही भाषांत सांगायची. एकदा मला म्हणाली, "बाई, लिहिताना अजून गुरुजी दिसतात. पण आता मी त्यांना बाजूला बसवते."

ऑक्टोबरमध्ये सेंटर भडगावला होतं. पेपर सुटला तेव्हा मी गेटबाहेर उभी होते. मंगला आली आणि अख्खा उतारा मला अहिराणीत सांगितला, कोण कोणाला का रागावलं इथपर्यंत.

"आणि लिहिलं कशात?" माझा जीव खालीवर.

"शाळेच्या मराठीत," ती म्हणाली. "पण म्हणणं माझंच."

निकाल आला. सगळी पास झाली असं नाही. काहींचं मराठी पुन्हा राहिलं, एकाने परीक्षेचा नाद सोडून सुरत गाठली. मंगलाचं मराठी निघालं. काठावर नाही, काठाच्या थोडं आत. ती पेढे घेऊन आधी ऑफिसात गेली. बोरसे सरांनी पेढा घेतला आणि म्हणाले, "अभिनंदन. शुद्धलेखनाकडे लक्ष द्या." मग चष्मा काढून पुसायला लागले आणि बराच वेळ पुसत राहिले.

साहेबांनी जागा थांबवली होती. मंगला डेपोत क्लार्क झाली. ज्या खिडकीत यजमानांच्या ड्यूट्या लागायच्या त्याच खिडकीच्या आत तिची खुर्ची आली.

पुढच्या पावसाळ्यानंतर ती एकदा रजेच्या दिवशी माझ्या घरी आली. डेपोत नवे साहेब आले होते. कोकणातले, मनाने चांगले, खानदेशात नवखे. वरच्या गावचे एक नाना खिडकीशी येऊन त्यांना म्हणाले होते, "साहेब, तुमनी गाडी लई चांगली शे. आमना पोरेस्ना पाय मजबूत व्हई ग्यात."

साहेब खूश झाले. मंगलाला म्हणाले, "लिहून घ्या. प्रवासी समाधानी आहेत."

"मी पेन उचललं नाही, बाई," मंगला सांगत होती. "म्हटलं, साहेब, ते समाधानी नाहीत. गाडी येत नाही म्हणून पोरं चालत शाळेत जातात, असं म्हणतायत."

साहेब म्हणाले, "पण ते तर चांगली म्हणाले."

"ते चांगलीच म्हणणार, साहेब. रागावले की आमच्याकडे असंच बोलतात."

साहेबांनी नानांकडे पाहिलं. नाना मिशीत हसत होते. मग साहेबही हसले आणि म्हणाले, "तुम्हाला कळलंय ते तुमच्या शब्दांत लिहा." मंगलाने लिहिलं: 'सकाळची गाडी वेळेवर येत नाही. मुलांना शाळेत पायी जावे लागते. तरी गाडी वेळेवर सोडावी.' साहेबांनी खाली सही केली.

त्यानंतरच्या आठवड्यात मी हजेरी घ्यायला उभी राहिले तर मागची बाकं भरलेली. वरच्या गावची सगळी मुलं जागेवर, पायांना धूळ नाही. मी विचारलं, "आज लवकर कसे?" एक मुलगी म्हणाली, "गाडी वेळेवर आली, बाई." तिला वाटलं मी रागावलेय.

व्याजस्तुतीला बोर्डाच्या पेपरात एक मार्क असे, आणि तोही येईलच याचा भरवसा नसे. म्हणून बरेच शिक्षक तो अलंकार गाळायचे. मी रिटायर होईपर्यंत गाळला नाही.